आरंभरेषेची वहिवाट

मॅरॅथॉन शर्यतीवर आजवर जे विपुल लेखन झाले आहे त्यात अखेरच्या दोन-तीन मैलांचे वर्णन इतक्या वेळा आले आहे, की पोटऱ्यांत आलेले पेटके, डोळ्यांपुढची अंधारी आणि विजयरेषेपाशी उसळणारा जनसमूह वाचकाला पाठ झालेले असतात. परंतु जेथून ही शर्यत सुटते त्या रेषेवर कोण उभे राहिले, कोणत्या अधिकाराने उभे राहिले, आणि त्यांना तेथून मागे सारण्याचा हुकूम कोणाचा चालला, याची चौकशी क्वचितच कोणी केली आहे. आज कोणत्याही मोठ्या शहरातील शर्यत आटोपली की एक फिर्याद हमखास ऐकू येते. सहा-सहा तास घेणारी माणसे अगदी पुढच्या रांगेत येऊन उभी राहतात, बंदूक सुटल्यावर शंभर पावलांतच चालू लागतात, आणि मागून वेगाने येणाऱ्यांना त्यांच्यामधून नागमोडी वाट काढावी लागते, अशी ती फिर्याद. फिर्यादी पक्ष या वर्तनाला उद्धटपणा म्हणून मोकळा होतो. मला मात्र हा मामला शिष्टाचाराचा कमी आणि वहिवाटीचा अधिक वाटतो. कारण आरंभरेषेजवळची जागा हा एक मान आहे, ही समजूत धावणाऱ्यांच्या डोक्यातून आपोआप निघालेली नाही. शर्यती भरविणाऱ्यांनीच, कधी सवलत देऊन, कधी मनाई करून आणि कधी चक्क दंड ठोठावून, ती शतकभर रुजविली आहे.

प्रारंभी हा प्रश्न उद्भवण्याचे काही कारणच नव्हते. १८९६ च्या एप्रिलात अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी, मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून, मॅरॅथॉन गावापासून अथेन्सच्या संगमरवरी क्रीडांगणापर्यंत सुमारे ४० किलोमीटरची जी शर्यत योजण्यात आली, तीत अवघे १७ स्पर्धक होते आणि त्यांतील १३ ग्रीक होते. एवढ्या माणसांना खेड्याबाहेरच्या रस्त्यावर उभे करण्यास कसला बंदोबस्त लागणार? एका लष्करी अधिकाऱ्याने इशारत दिली आणि सगळे सुटले. ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक, अमेरिकेचा आर्थर ब्लेक आणि फ्रान्सचा लेर्मुझियो, म्हणजे १५०० मीटरच्या शर्यतीत त्याच ऑलिंपिकात पहिले तीन क्रमांक पटकावणारे तिघे परदेशी, स्वभावधर्माप्रमाणे पुढे धावले. आणि अंतराचा अंदाज नसल्यामुळे तिघेही एकामागून एक वाटेत कोसळले. मागाहून आपल्या चालीने येणारा स्पिरिडॉन लुइस २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत क्रीडांगणात शिरला. आरंभीच्या आघाडीला या खेळात किती मोल द्यावे, याचा निवाडा पहिल्याच दिवशी झाला होता, असे म्हणण्यास हरकत नाही; तो कोणी मनावर घेतला नाही, ही गोष्ट निराळी.

पुढील वर्षी, १९ एप्रिल १८९७ रोजी, बॉस्टन ॲथलेटिक असोसिएशनने ॲशलंड गावातील मेटकाफ यांच्या गिरणीपासून बॉस्टन शहरापर्यंत आपली पहिली शर्यत भरविली, तेव्हाही १५ च माणसे हजर होती. आरंभरेषा कोठे आहे हे दाखविण्यासाठी टॉम बर्क याने आपल्या बुटाची टाच धुळीत ओढली आणि तोंडानेच धावण्याची आज्ञा दिली, ही हकीकत बॉस्टनकर आजही अभिमानाने सांगतात. हा बर्क अथेन्समध्ये १०० आणि ४०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकून आलेला वीर होता. अर्थात रेषेवर अधिकार कोणाचा याविषयी त्या दिवशी कोणाच्या मनात संदेह असणे शक्य नव्हते. ज्याचा पाय रेघ ओढील, त्याच्या मागे उभे राहायचे, इतका सरळ दस्तूर होता. १९०५ पासून बंदूक उडविण्याचे काम जॉर्ज ब्राउन यांच्याकडे आले आणि ते पुढे त्यांच्या कुटुंबात वतनासारखे चालत राहिले. १९२१ साली मॅरॅथॉनचे अंतर २६ मैल ३८५ यार्ड असे जगभरासाठी मुक्रर झाल्यावर, त्या मापाला जुळावे म्हणून १९२४ मध्ये बॉस्टनची आरंभरेषा ॲशलंडहून पश्चिमेला हॉपकिंटन या टेकडीवरील गावी नेण्यात आली. तेथील रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडे व घरे, आणि रेषा ओलांडताच तीव्र उतार. दोन-तीनशे माणसांना पुरेसा असलेला हा रस्ता पुढे दहा-वीस हजारांच्या गळ्याला फास होणार होता, पण त्या काळी ती कल्पना कोणाला असणार!

पुढे असण्याचा लाभ मात्र बॉस्टनकरांनी एकदा लवकरच डोळ्यांनी पाहिला होता. १९०७ साली कॅनडातील ओनोंडागा जमातीचा टॉम लाँगबोट आणि त्याच्या बरोबरीचे आघाडीचे काही धावपटू फ्रेमिंगहॅम येथील रेल्वेचे फाटक ओलांडून गेले आणि लगेच एक मालगाडी आडवी आली; मागे राहिलेल्या सर्वांना डबे मोजत उभे राहावे लागले. लाँगबोट इतका बलवान होता, की गाडी आली नसती तरी बहुधा तोच जिंकला असता. परंतु अडकलेल्यांची समजूत अशा तर्काने पडत नसते, आणि आपण दहा पावले पुढे असतो तर, हा विचार त्या फाटकापाशी कित्येकांच्या मनात चमकून गेला असेल.

याच सुमारास आपल्याकडेही लांब पल्ल्याच्या धावण्याची सुरुवात झाली होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात अनवाणी धावणारे खेड्यापाड्यांतील तरुण पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी हिंदी चमू पाठविण्याची तजवीज झाली, हे प्रसिद्ध आहे. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि त्यांचे सहकारी सदाशिव दातार हे दोघे मॅरॅथॉनला उभे राहिले. तो मार्ग नेहमीपेक्षा लांब, सुमारे पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचा होता. स्पर्धक ४८ होते. आणि चौगुले यांनी २ तास ५० मिनिटांच्या थोड्या वर वेळ घेऊन १९ वा क्रमांक मिळविला. फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेनसारखा विजेता त्याच रस्त्यावर धावत असताना बेळगावच्या माणसाने कुठे उभे राहावे, हे कोणी सांगितले नसेल आणि सांगण्याची गरजही पडली नसेल. ४८ माणसांत पहिली रांग आणि शेवटची रांग यांमध्ये एखाद-दोन सेकंदांचेच अंतर असते. आरंभरेषेचे राजकारण सुरू व्हायला गर्दी लागते.

गर्दी येण्यापूर्वीच, मात्र, मंद माणसाला पुढे उभे करण्याची एक राजमान्य रीत इंग्लंड-अमेरिकेत रूढ होती, आणि आजच्या फिर्यादींत तिचा विसर पडलेला दिसतो. हँडिकॅपच्या शर्यती म्हणजे घोड्यांच्या पाठीवर वजन लादण्याची युक्ती माणसांना लागू केलेली. महालक्ष्मीच्या मैदानावर चांगल्या घोड्यावर अधिक ओझे घालतात. माणसांच्या शर्यतीत चांगल्या माणसाला मागे उभे करीत आणि कच्च्याला पुढे. एडिंबरोजवळच्या पावडरहॉलची १८७० पासूनची आणि ऑस्ट्रेलियातील स्टॉवेलची १८७८ पासूनची शर्यत याच तत्त्वावर चालत आली. तेथे एकेका धावपटूला किती यार्डांची मुभा द्यावी हे ठरविणारा अधिकारी म्हणजे एक लहानसा न्यायाधीशच. पैजांचा सारा बाजार त्याच्या निकालावर उभा असे, त्यामुळे पूर्वीच्या शर्यतीत मुद्दाम सावकाश धावून पुढची जागा पदरात पाडून घेण्याची लबाडीही तितकीच जुनी. लांब पल्ल्यात या पद्धतीचे सर्वांत देखणे उदाहरण कॅलिफोर्नियातील डिप्सी शर्यतीचे. १९०५ पासून मिल व्हॅली गावातून टॅमल्पायस पर्वताच्या खांद्यावरून समुद्रकाठच्या स्टिन्सन बीचपर्यंत सुमारे सात मैल धावणाऱ्या या शर्यतीत वय आणि स्त्री-पुरुषभेद पाहून वृद्ध, बालक आणि स्त्रिया आधी सोडल्या जातात, ऐन तारुण्यातील पुरुष सर्वांत शेवटी. या व्यवस्थेमुळेच ती शर्यत आठ वर्षांच्या मुलीनेही जिंकली आहे आणि सत्तरी ओलांडलेल्या पुरुषानेही. येथे मंद माणूस पुढे उभा राहतो तो कोणाच्या वाटेत येण्यासाठी नव्हे. त्याला गाठण्यातच शर्यतीचे सारे कौशल्य आणि गंमत साठलेली असते. अरुंद डोंगरवाटेवर त्याला ओलांडून जाताना तरुण धावपटूला घाम फुटतो, तो भाग खेळाचाच मानला जातो.

बॉस्टनमध्ये अशी मुभा नव्हती. तेथे बंदूक एकच, रेषा एकच आणि घड्याळही एकच. १९६० च्या दशकात जेव्हा प्रकृतीसाठी धावण्याची लाट अमेरिकेत आली, तेव्हा हॉपकिंटनच्या रस्त्यावर डॉक्टर, शिक्षक, कारकून अशी पांढरपेशा वर्गातील माणसे वाढू लागली, आणि शर्यतीचा कारभार पाहणाऱ्या विल क्लोनी व जॉक सेंपल यांच्या कपाळावर आठ्या उमटू लागल्या. सेंपल मूळचा स्कॉटलंडचा. स्वतः अनेकदा ही शर्यत धावलेला. बॉस्टन गार्डनमधील आपल्या खोलीत खेळाडूंचे अंग रगडता रगडता तो शर्यतीच्या नोंदींचे दप्तरही सांभाळी. त्याच्या दृष्टीने ही शर्यत म्हणजे एक व्रत होते आणि तिची थट्टा करणारा माणूस व्रतभंग करणारा. १९६६ साली बॉबी गिब या तरुणीचा अर्ज स्त्रियांना मनाई म्हणून नामंजूर झाला, तेव्हा ती आरंभरेषेजवळच्या झुडपांत दडून राहिली आणि सुमारे अर्धी मंडळी पुढे गेल्यावर त्यांच्यात मिसळली. ३ तास २१ मिनिटे आणि काही सेकंदांत तिने शर्यत पुरी केली. पुढील वर्षी कॅथरीन स्विट्झर २६१ हा क्रमांक छातीवर लावून उभी राहिली आणि सेंपलने धावत्या रस्त्यावर तो क्रमांक ओढून काढण्याचा जो प्रयत्न केला त्याची छायाचित्रे जगभर गेली. त्या प्रसंगाची चर्चा बहुधा स्त्रीमुक्तीच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहता त्या दोन वर्षांत हे दिसून आले, की आरंभरेषेपाशी उभे राहणे हा हक्क आहे आणि तो कोणाला द्यायचा याची सनद काही ठराविक हातांत आहे. १९७३ साली याच आरंभरेषेवर सेंपलने स्विट्झरशी समेट केला, हेही नोंदवायला हवे.

१९७० साली असोसिएशनने गर्दीवर पहिला कायदेशीर उपाय केला. नोंदणीच्या अर्जावर, आपण चार तासांच्या आत ही शर्यत पुरी करू शकतो याचा दाखला मागण्यात आला, आणि रमतगमत धावणाऱ्यांसाठी ही जागा नाही अशा आशयाची समजही देण्यात आली. पुढील वर्षी ही मर्यादा साडेतीन तासांवर आणली गेली. मंद माणूस पुढे उभा राहतो, तर त्याला उभेच राहू न देणे, असा हा सरळ, थोडा निष्ठुर उपाय होता. आणि त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की बॉस्टनला जाण्याची पात्रता हीच एक पदवी होऊन बसली. ती पदवी मिळविण्यासाठी माणसे इतर शहरांत धावू लागली. आणि तेथील वेळ बंदुकीपासून मोजली जात असल्यामुळे, रेषेपासून मागे उभे राहून दोन-तीन मिनिटे गमावणे म्हणजे पदवीला मुकणे, हा हिशेब त्यांना चुटकीसरशी कळला. एका गावाने आपले दार अरुंद केले आणि दुसऱ्या गावांच्या दारांत रेटारेटी सुरू झाली, असा हा प्रकार.

न्यूयॉर्कची गोष्ट अधिक मनोरंजक. १९७० साली सेंट्रल पार्कमध्ये फेऱ्या घालीत धावलेली तेथील पहिली शर्यत १२७ जणांनी सुरू केली आणि ५५ जणांनी पुरी केली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या हौशी क्रीडासंघाने स्त्रियांना मॅरॅथॉन धावण्याची परवानगी दिली, पण अट अशी घातली की त्यांनी पुरुषांपासून वेगळी सुरुवात करावी. त्याप्रमाणे १ ऑक्टोबर १९७२ रोजी स्त्रियांना पुरुषांच्या १० मिनिटे आधी सोडण्याचे ठरले. म्हणजे संघाच्या हुकुमाने स्त्रियांना सर्वांच्या पुढे उभे केले गेले! बंदूक सुटली आणि सहाजणी रेषेवरच खाली बसल्या. हातांत निषेधाचे फलक धरून त्या दहा मिनिटे तशाच बसून राहिल्या, आणि पुरुषांसाठी दुसरी बंदूक उडाली तेव्हा उठून त्यांच्याबरोबर धावू लागल्या. संघाने याचा वचपा काढण्यासाठी त्यांच्या वेळेत दहा-दहा मिनिटे मिळविली. त्यामुळे विजेती नीना कुस्चिक २ तास ५८ मिनिटांत धावली असताना दप्तरात ३ तास ८ मिनिटे लिहिली गेली. पुढची जागा देऊ केली असताना ती नाकारणे आणि त्यासाठी दंड सोसणे, असा प्रसंग आरंभरेषेच्या इतिहासात दुसरा माझ्या वाचनात नाही. या स्त्रियांना नेमके समजले होते, की पुढे उभे करणे हा दरवेळी सन्मान नसतो. वेगळे काढण्याचाही तो एक मार्ग असतो. इतिहासाची लीला अशी, की पुढे तीस वर्षांनी, २००२ साली न्यूयॉर्कने आणि २००४ साली बॉस्टनने, अग्रगण्य स्त्री-धावपटूंना पुरुषांच्या आधी सोडण्याचा प्रघात पाडला आणि तो साऱ्यांनी गौरव म्हणून स्वीकारला. कारण आता त्यांची शर्यत पुरुषांच्या घोळक्यात हरवून न जाता प्रेक्षकांना स्पष्ट दिसू लागली. रेषा तीच, आधी सुटणेही तेच. मधल्या काळात निर्णय घेणारे हात बदलले होते.

१९७६ मध्ये फ्रेड लेबो यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कची शर्यत पार्कमधून बाहेर पडून शहराच्या पाचही विभागांतून धावू लागली आणि तिचा आरंभ स्टेटन आयलंडच्या बाजूला व्हेराझानो या दुमजली पुलापाशी होऊ लागला. दोन हजारांची ती शर्यत पाहता पाहता दहा-वीस हजारांची झाली. म्युनिक ऑलिंपिकमधील फ्रँक शॉर्टरच्या विजयानंतर सारी अमेरिका धावू लागली होती. १९७९ मध्ये बॉस्टनसारख्या कडक दाराच्या शर्यतीतही आठ हजारांच्या घरात नोंदी होत्या. आजच्या फिर्यादीचा खरा जन्म याच काळातला. वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर पहिल्या रांगेचे चित्र झळकू लागले, आणि त्या चित्रात आपला चेहरा असावा ही इच्छा अगदी साध्या गृहस्थालाही होऊ लागली. जगज्जेत्यांच्या पुढे शंभर पावले जिवाच्या आकांताने पळायचे, छायाचित्र निघाले की श्वास घेत बाजूला व्हायचे, आणि ते कात्रण आयुष्यभर जपून ठेवायचे, हा छंद जडलेली माणसे प्रत्येक मोठ्या शर्यतीत निर्माण झाली. इतर कोणत्या खेळात सामान्य माणसाला विश्वविजेत्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहता येते? क्रिकेटच्या मैदानात शिरलेल्या प्रेक्षकाला पोलीस धरून नेतात. मॅरॅथॉनने तो प्रेक्षकही खेळाडूंत जमा केला आणि मग तो पुढे का येतो म्हणून कपाळाला हात लावला.

यात धोका होता, हे मात्र नाकारता येत नाही. तीन मिनिटांना एक किलोमीटर धावणारा माणूस सेकंदाला साडेपाच मीटर जातो. सहा मिनिटांना किलोमीटर धावणारा त्याच्या निम्म्याने. दोघांत तीन मीटरांचे अंतर असेल तर ते एका सेकंदाहून थोड्याच अधिक काळात संपते. हॉपकिंटनच्या उतारावर, मागून हजारो पावलांचा रेटा असताना, तेवढ्या वेळात बाजूला होणे कोणालाच साधत नाही. मंद माणसाचीही यात हानीच होते. भोवतालच्या ओघाने खेचला जाऊन तो पहिल्या दोन मैलांत आपले बळ उधळतो आणि विसाव्या मैलावर त्याची किंमत मोजतो. १९८७ मध्ये तर बॉस्टनच्या आरंभी गर्दी थोपविण्यासाठी धरलेला दोर वेळेवर खाली न आल्यामुळे आदल्या वर्षीचा विजेता रॉब दि कास्तेला त्यातच अडखळून पडला. दोर कशासाठी, तर मागच्यांनी पुढे सरकू नये म्हणून. आणि पडला कोण, तर ज्याच्यासाठी तो बांधला तोच.

या अनुभवांतून आरंभाचा जाबता हळूहळू तयार झाला. पूर्वीच्या शर्यतीतील वेळेनुसार छातीवरचा क्रमांक, क्रमांकानुसार कठड्यांनी आखलेले वाडे, प्रत्येक वाड्याच्या तोंडाशी क्रमांक तपासणारा कार्यकर्ता. धावणारे या वाड्यांना कॉरल म्हणतात. आपल्याकडे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या रथामागे, हा क्रम ठरलेला आहे आणि चोपदारांचा दंड उचलला गेला की लाखोंचा समुदाय स्तब्ध होतो. त्या व्यवस्थेला परंपरेचे आणि श्रद्धेचे पाठबळ आहे. कॉरलच्या तोंडाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकापाशी असे काही नसते. कठडा कमरेएवढाच असतो, शर्यतीला पाच मिनिटे उरलेली असतात, आणि पुढच्या वाड्यात आपला मित्र हात हलवीत असतो. शिवाय बहुतेक शहरांत प्रथम धावपटूने स्वतः सांगितलेली अपेक्षित वेळच ग्राह्य धरली जाई; आणि आपल्या भावी पराक्रमाविषयी माणूस कधी कमी बोलत नाही. तेव्हा पूर्वीच्या शर्यतीचे दाखले मागणे भाग पडले. लंडनने, १९८१ पासूनच्या आपल्या शर्यतीत, पुढे निराळाच तोडगा काढला: ग्रीनिच आणि ब्लॅकहीथच्या परिसरात रंगांनी ओळखल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या आरंभरेषा आखल्या आणि काही मैलांनंतर सर्व प्रवाह एकत्र आणले. एका रेषेचा मान वाटून टाकला की त्यासाठीचे भांडणही विभागले जाते, हे त्या शहराच्या कारभाऱ्यांनी ओळखले होते.

पुढे उभे राहण्याचे सबळ कारण एखाद्याला असू शकते, हे पाहायचे असेल तर दक्षिण आफ्रिकेत जावे लागेल. पीटरमॅरिट्झबर्ग आणि दरबान यांच्यामधली सुमारे ९० किलोमीटरांची कॉम्रेड्स शर्यत १९२१ साली व्हिक क्लॅफम या माजी सैनिकाने, पहिल्या महायुद्धात पडलेल्या सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ, ३४ धावपटूंनिशी सुरू केली. तेथे दीर्घकाळ नियम असा राहिला, की मुदत आरंभीच्या बंदुकीपासून अखेरच्या बंदुकीपर्यंत; अनेक वर्षे ११ तास, अलीकडे १२. मुदत भरताच एक अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवितो, म्हणजे कोणाचा चेहरा पाहून त्याचा हात कचरू नये. त्या क्षणी रेषेपासून एक पाऊल दूर असलेल्या माणसाचे नाव दप्तरात चढत नाही. हजारोंच्या मागे उभे राहून रेषेपर्यंत पोहोचण्यात जी काही मिनिटे जातात ती ज्याच्या मुदतीतून वजा होतात, त्या अकरा तास पन्नास मिनिटांच्या माणसाला पुढची जागा का हवी, हे समजण्यास फार सहानुभूती लागत नाही. वेगवान माणसाला त्या मिनिटांनी पदक गमवावे लागत नाही. मंद माणसाला सारा दिवस गमवावा लागतो.

इतरत्र हे कारणही लवकरच नष्ट झाले. हॉलंडमध्ये निघालेली बुटाला बांधायची इलेक्ट्रॉनिक चिप १९९६ साली बॉस्टनच्या शंभराव्या शर्यतीत वापरली गेली. त्या वर्षी ३८ हजारांवर नोंदी होत्या आणि शेवटच्या रांगांना रेषेपर्यंत चालत येण्यातच बराच वेळ गेला. परंतु रेषेवर अंथरलेल्या चटईवर पाय पडताच प्रत्येकाचे स्वतःचे घड्याळ सुरू होत होते. आता मागे उभे राहणाऱ्याचा एक सेकंदही जात नव्हता. तर्काने पाहता त्या दिवशी रेटारेटी संपायला हवी होती. ती संपली नाही. सेकंदांचे निमित्त गेल्यावरही माणसे कठड्यांखालून वाकून पुढे येतच राहिली, यावरून माझ्या मते एवढे सिद्ध होते, की सेकंद हे बहुतेकांचे खरे कारण कधी नव्हतेच. पुढच्या रांगेत उभे राहण्यात जे सुख आहे ते घड्याळात मोजता येत नाही; आणि ते सुख पहिल्यांदा कोणी दाखविले, याचा शोध घेत गेलो की आपण पुन्हा शर्यतीच्या चालकांपाशीच येतो, कारण नामवंत पाहुणे, देणगीदार आणि पुरस्कर्त्यांचे अधिकारी यांना पहिल्या वाड्यात जागा देण्याचा शिरस्ता त्यांचाच.

चिपमुळे एक नवाच पेच मात्र निर्माण झाला. वैयक्तिक वेळ चिपने मोजली, तरी क्रमांक आणि इनामे बंदुकीच्या वेळेनेच देण्याचा नियम राहिला. पुढच्या वाड्यात नसलेला वेगवान माणूस आता शर्यतीबाहेरच पडू लागला. २००८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्त्रियांच्या एका मॅरॅथॉनमध्ये न्यूयॉर्कची एक शिक्षिका, जी अग्रगण्य धावपटूंच्या सुमारे २० मिनिटांनंतर सुटलेल्या गटात होती, सर्वांहून दहा मिनिटांपेक्षा अधिक जलद धावली. पण तिला विजेती म्हणण्यास चालक प्रथम तयार नव्हते, कारण तिच्याशी कोणी स्पर्धाच केली नव्हती, असे त्यांचे म्हणणे. बराच गवगवा झाल्यावर तिलाही विजेतीचा मान देण्यात आला. त्याच वर्षी शिकागोत केनियाचा वेस्ली कोरीर हा तरुण अग्रगण्यांच्या पाच मिनिटे मागून, सामान्यांच्या गर्दीतून सुटला आणि वेळेने चौथा आला. चारच वर्षांनी त्याने बॉस्टनची शर्यत जिंकली. पुढे उभ्या राहणाऱ्या मंद माणसावर ओरड करणाऱ्यांनी मागे उभ्या राहणाऱ्या या वेगवान माणसांची कैफियतही वाचायला हवी.

मुंबईत २००४ साली सुरू झालेल्या मॅरॅथॉनमध्ये तर क्रम मुळातच उलटा आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी हौशी धावपटूंना पहाटेच सोडतात, आणि जगभरातून आलेले अग्रगण्य धावपटू सात वाजून गेल्यावर सुटतात. ऊन चढण्यापूर्वी चार-पाच तास धावणाऱ्यांची बरीच वाट सरावी, हा त्यात हेतू. उष्ण देशात तो पूर्णपणे शहाणपणाचा आहे. म्हणजे आपल्याकडे मंद माणसाचे पुढे असणे नियमानेच ठरलेले आहे. रांगेतली कुरकुर तेथेही ऐकू येते, ती हौशी धावपटूंच्या आपापसांतली. पहाटेच्या अंधारात साडेतीन तासांच्या वाड्यात पाच तासांची मंडळी हसतखेळत उभी असतात आणि बाजूचे धावपटू घड्याळाकडे पाहत त्यांना टाळण्याचे बेत करीत असतात.

बॉस्टनने तर एका वर्षी पुढची रांगच रद्द करून पाहिली. कोविडच्या साथीच्या काळात, ११ ऑक्टोबर २०२१ रोजी झालेल्या १२५ व्या शर्यतीत गर्दी टाळण्यासाठी सामान्य धावपटूंचे वाडे मोडले गेले. बसगाड्या हॉपकिंटनला येत, माणसे उतरून चालत रेषेपर्यंत जात आणि पोहोचल्या क्षणी आपले आपण धावू लागत. त्यांच्यासाठी बंदूक नाही, रांग नाही, कोणाच्या पुढे उभे राहण्याचा प्रश्नच नाही. चिपच्या हिशेबाने शर्यत चोख पार पडली आणि रस्त्यावर अडथळाही कमी झाला. २०२२ च्या एप्रिलात शर्यत आपल्या नेहमीच्या तिथीला परत आली, तेव्हा वाडेही परत आले, गटागटाने सोडण्याची पद्धतही परत आली, आणि क्रमांक तपासणारे स्वयंसेवक पुन्हा कठड्यांपाशी आपल्या जागी उभे राहिले.